काकांचं लहान सरकार

काका अमेरिकेतून कायमचे परत आले, त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर मला 'सरकारी जावई' ही पदवी देऊन टाकली. मी तेव्हा पनवेलच्या सरकारी रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे बसत होते. तापाची साथ होती, सकाळपासून पाठ टेकायला मिळाली नव्हती. काकांनी कोलंबीचं कालवण भुरकलं आणि म्हणाले, "रागावू नकोस हं. तुझा दोष नाही, सिस्टीमचा आहे. काम केलं काय, न केलं काय, पगार चालूच."

बाबा त्यांचे थोरले भाऊ. सरकारी खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. ते ताटाकडे बघत म्हणाले, "अरे, तू शिकलास तेसुद्धा सरकारी कॉलेजातच. तिकडे गेलास तो तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या स्कॉलरशिपवर."

"मी मेहनत केली, दादा."

"मेहनत केलीस, नाही कोण म्हणतंय?"

"मग झालं तर," काका म्हणाले आणि आणखी भात मागितला.

लहानपणी काका आमच्या घरात फोटोतून राहायचे. बर्फात उभे, लांब गाडीला टेकलेले, रुंद कॉलरचा शर्ट घातलेले. दर तीन-चार वर्षांनी यायचे तेव्हा सगळ्यांसाठी काहीतरी आणायचे आणि भरपूर हसायचे. काय बोलायचे ते मला कळत नसे. आता दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर ते काकूला घेऊन कायमचे आले, तेव्हा मी पस्तिशीची होते. सगळं कळत होतं. न कळतं तर बरं झालं असतं, असं पुढच्या काही वर्षांत मला अनेकदा वाटलं.

त्यांना शहरात राहायचं नव्हतं. नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी जमीन घेतली. घेतली म्हणजे बाबांच्या नावावर. परदेशी नागरिकाला इथे शेतजमीन घेता येत नाही, आणि आमच्या आजोबांची थोडी भातशेती असल्यामुळे बाबा कागदोपत्री शेतकरी होते. इथल्या कायद्यांना काका रोज शिव्या घालत, पण त्यातल्या पळवाटेतून आत शिरताना त्यांना काहीच वाटलं नाही. तिथे त्यांनी दगडी जोत्याचा बंगला बांधला, बोअर मारली, भोवती तारेचं कुंपण घातलं. वरच्या आदिवासी वाडीतलं एक जोडपं रखवालीला ठेवलं. तो बाग आणि गेट बघायचा, त्याची बायको घरातलं काम करायची. तिशीची असेल ती, किडकिडीत, कमी बोलणारी.

रविवारी आम्ही तिथे जायचो. काकांच्या खोलीत इंटरनेटवर तिकडचा रेडिओ चालू असायचा. एक माणूस सलग तीन तास ओरडायचा. त्याचं इंग्रजी मला हळूहळू समजायला लागलं. फुकट खाणारे लोक, त्यांची भरमसाट पोरं, कर गोळा करणारं चोर सरकार, देशात घुसणारे उपरे. दर पाच-दहा मिनिटांनी थांबून तो सोन्याची नाणी नाहीतर गुडघेदुखीच्या गोळ्या विकायचा आणि पुन्हा ओरडायला लागायचा. काका समाधानाने मान हलवायचे.

"काका, उपरे म्हणजे तुम्हीच ना?" मी एकदा विचारलं.

"मी लाइनीत उभा राहून गेलो," ते म्हणाले. "फरक आहे."

अमेरिकेत पहिल्यांदा काळा माणूस अध्यक्ष म्हणून निवडून आला, त्या दिवशी सकाळी ते आमच्या घरीच होते. बाबांना मनापासून आनंद झाला होता. टीव्हीवर लोक रडत होते, बाबांच्याही डोळ्यांत पाणी होतं. काकांनी उठून टीव्ही बंद केला. "संपला देश," म्हणाले. मग मराठीत एक शब्द वापरला. आमच्या घरात तो शब्द त्याआधी कधी कोणी उच्चारला नव्हता. आई चहा घेऊन येत होती. ती ट्रे तसाच धरून स्वयंपाकघरात परत गेली. काकू खिडकीपाशी बसली होती, ती बाहेर बघत राहिली. आपल्या कातडीचा रंग काकांना आरशात दिसतो की नाही, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. त्या काळात मी असं बरंच काही गिळत होते आणि घरी येऊन उगाचच आईवर चिडत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाडीवर नळयोजना आली. वाडीतल्या बायका अर्धा डोंगर उतरून झऱ्यावरून पाणी आणायच्या. पंचायतीला पाइप काकांच्या कुंपणाच्या कडेने, आतल्या बाजूने न्यायचा होता. हातभर रुंदीची पट्टी, तीही जमिनीखाली. सरपंच स्वतः आले. इथले आगरी गृहस्थ, तोंडावर गोड, पण मुद्द्याला घट्ट.

"शेठ, तुमचा काय जातंय? माती परत टाकून देतो आमी."

"प्रश्न मातीचा नाही," काका म्हणाले. "प्रॉपर्टी माझी आहे. सरकारला माझ्या जमिनीत पाय ठेवू देणार नाही. त्या लोकांना पाणीच हवं ना? मी गेटबाहेर नळ काढून देतो. माझ्या बोअरचं पाणी. सकाळी तासभर सोडीन."

"आन् तुमी गावाला गेलात म्हंजे?"

"तेव्हा नाही."

सरपंच उठले. जाताना बाबांकडे बघून म्हणाले, "दादा, सातबारा तुमच्या नावावर हाय म्हनून तुमाला बी इचारतो." बाबांनी धाकट्या भावाकडे बघितलं आणि मान खाली घातली. पाइपचं काम तिथेच अडलं. काकांनी मात्र शब्द पाळला. गेटबाहेर पितळी नळ बसवला. सकाळी बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि काका व्हरांड्यात कॉफी पीत त्यांच्याकडे बघत बसायचे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख दिसायचं, ते मला अजूनही आठवतं. आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं.

पावसाळ्यानंतर रखवालदाराच्या बायकोला साप चावला. बंगल्यामागचा जुना पेंढा ती हलवत होती, त्यात घोणस होती. संध्याकाळी काकूचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवरच होते. इथे मला खरं तेच सांगितलं पाहिजे. त्या संध्याकाळी काका चांगले वागले. तिला उचलून त्यांनी स्वतःच्या गाडीत घातलं, सीटवर रक्त सांडतंय याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्या खराब रस्त्यावरून गाडी पिटाळत आणली. आधी एका खासगी दवाखान्यात थांबले. तिथल्या डॉक्टरांनी लस नसल्याचं सांगितलं आणि सरळ आमच्याकडे पाठवलं. विषावरची लस आमच्या फ्रीजमध्ये होती. पावसाळ्याच्या आगेमागे ती असतेच. डॉक्टरांनी ती चढवली, पुन्हा चढवली. तिचा पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. नवरा वॉर्डाच्या दाराशी उकिडवा बसून होता. काका येरझाऱ्या घालत होते. मधूनच मला विचारायचे, "वाचेल ना गं?" त्यांचा आवाज खरोखरच कापत होता.

ती स्थिर आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा काका खाली चहा आणायला गेले. काकू आणि मी बाकावर बसलो होतो.

"हे असे आहेत," काकू म्हणाली. "समोर माणूस मरत असेल तर जिवाचं रान करतील. पण तोच माणूस 'हे मला मिळायला पाहिजे' म्हणाला, की संपलं."

"आधीपासून असेच होते?"

"नाही गं."

मग तिने मला सांगितलं. इतकी वर्षं तिने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला काका तिथल्या युनियनवाल्यांबरोबर उठायचे-बसायचे, युद्धाविरुद्धच्या मोर्चालासुद्धा गेले होते. पुढे तेल महागलं, गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या गावात लोक चिडचिडे झाले. इराणमध्ये अमेरिकन माणसं ओलीस धरली होती त्या काळात, पेट्रोल पंपावर कोणीतरी काकांना इराणी समजून त्यांच्या गाडीच्या काचेवर थुंकलं.

"घरी आले, काच पुसली. मला वाटलं, थुंकणाऱ्याला शिव्या देतील. तर म्हणाले, या इराण्यांमुळे आपलं नाव खराब होतंय. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर झेंडा लावला. त्या गल्लीतला सगळ्यात मोठा."

त्यानंतर शेजारचा एक गृहस्थ त्यांना बैठकांना घेऊन जायला लागला. कर कमी करा, सरकार कमी करा, देवाधर्माला परत आणा. "तो शेजारी चर्चवाला. आम्ही मेल्यावर नरकात जाणार, हे त्याने मला हसत हसत सांगितलं होतं. ह्यांना सभेला घेऊन जायचा, पत्रकं वाटायला लावायचा. बावीस वर्षं शेजारी होता. एकदाही जेवायला बोलावलं नाही."

आणि मग घरपट्टीवर मर्यादा घालण्यासाठी त्यांच्या राज्यात मतदान झालं. काका दारोदार फिरले. काकू त्या वेळी गावातल्या सरकारी शाळेच्या लायब्ररीत काम करत होती. मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. "माझं इंग्रजी ऐकून आधी हसायची ती मुलं. मग माझ्यासारखं बोलून दाखवायची. मला फार आवडायचं ते काम." ठराव मंजूर झाला. गावाचं उत्पन्न आटलं आणि शाळेने सगळ्यात आधी लायब्ररी बंद केली. पुस्तकं खोक्यांत भरून तळघरात गेली. काकूची नोकरी गेली.

"तू तर म्हणायचीस, कंटाळा आला म्हणून सोडली."

"मग काय सांगणार होते? माझ्याच नवऱ्याने घालवली म्हणून?"

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं, आता खरं काम शोध." ती हसली नाही. "मग मी दुकानात उभी राहिले. कपड्यांच्या घड्या घालत."

तेवढ्यात काका चहाचे कागदी कप घेऊन आले. माझ्या हातात कप देताना म्हणाले, "तुमची लिफ्ट बंद आहे. बघ, हे सरकारचं काम." आत त्यांची मोलकरीण सरकारच्या लसीवर श्वास घेत होती. मला त्यांची कीव यायला हवी होती. काचेवर थुंकी झेलून आलेला माणूस तो. पण कीव आली नाही. ज्या थुंकीने आपण भिजलो, ती दुसऱ्यावर उडवायला आयुष्य घालवणाऱ्या माणसाबद्दल मला फक्त किळस वाटली.

ती वाचली. घोट्याच्या वरचं मांस सडलं होतं, ते काढावं लागलं. तिथे खड्डा राहिला आणि चालण्यात थोडा लंगडेपणा. काकांनी तिला दोन महिने कामाशिवाय पगार दिला. वाडीवर धान्य पोचवलं. हेही खरं आहे.

थंडीत काकांचे अमेरिकेतले मित्र आले, दोन मराठी जोडपी. काकांसारखीच निवृत्त, काकांसारखीच बोलणारी. नेऱ्याला पोपटीचा बेत ठरला. आम्हालाही बोलावलं होतं. बाबांना बरं नव्हतं म्हणून मी एकटीच स्कूटरवर गेले. रखवालदाराने मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरली आणि भोवती जाळ केला. संध्याकाळ छान होती. खुर्च्या गोल मांडलेल्या, पाहुण्यांच्या हातात ग्लास. बोलणं त्याच वळणावर गेलं. तिकडे नव्या अध्यक्षाने आणायला घेतलेली आरोग्य योजना, आता म्हणे सगळ्यांना सरकार औषध देणार, म्हणजे कोणी काम करणारच नाही.

"उत्तर काय आहे, सांगू?" काका म्हणाले. "प्रायव्हेट चॅरिटी. माणसाने माणसासाठी करायचं. मध्ये सरकार कशाला? थांबा, दाखवतोच." आणि त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "अगं ए, इकडे ये जरा."

रखवालदाराची बायको पदराला हात पुसत आली.

"ह्यांना पाय दाखव."

तिला कळलं नाही. ती तशीच उभी राहिली.

"पाय गं. साप चावला तो."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो जाळ सारखा करत होता. त्याने मान वर केली नाही. तिने साडी घोट्याच्या जराशी वर उचलली. पाहुण्यांमधली एक बाई "ओ माय गॉड" म्हणत पुढे वाकली. एका गृहस्थाने मोबाइल काढून त्याचा उजेड पायावर धरला.

"अजून थोडी वर," काका म्हणाले. "नीट दिसू दे. हे बघा. इथे मेली असती ही. मी माझ्या गाडीतून नेली. कोणी सांगितलं नव्हतं, कायदा नव्हता, कर नव्हता. आज माझ्यामुळे उभी आहे." मग तिच्याकडे वळून, "काय गं, खरं ना?"

"हाय," ती म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

मोबाइलच्या उजेडात तो खड्डा, त्यावरची गुलाबी चकचकीत कातडी दिसत होती. साडी तिने तशीच वर धरली होती. फोटोचा आवाज झाला.

काकू उठली. तिने खुर्ची मागे सारली, ती पडली. ती त्या बाईच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साडी खाली सोड. घरी जा तू. भांडी राहू देत."

"अगं, काय झालं?" काका म्हणाले.

"लस सरकारची होती," काकू पाहुण्यांना म्हणाली. "सरकारी दवाखान्यातली. सरकारी डॉक्टरांनी टोचली. ह्यांनी गाडी चालवली, तेवढंच."

"तू उगाच सेंटिमेंटल होऊ नकोस. पाहुणे बसलेत."

"पाहुणे तेव्हाही बसले होते. माझी लायब्ररी बंद झाली तेव्हा मला असंच उभं केलं होतंत ना? 'बघा, माझी बायको आता सरकारच्या जिवावर जगत नाही.' त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी सामोसे घेऊन उभी होते."

मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात टाकला. काका हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही."

"हो," काकू म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "स्कूटर आणली आहेस ना? चल."

ती आत जाऊन पर्स घेऊन आली. रखवालदार गेट उघडायला पुढे आला. "बाई, परत येनार ना?" त्याने हळूच विचारलं. काकूने त्याच्या हातावर हात ठेवला आणि माझ्यामागे बसली. वाटेत ती रडत असेल असं मला वाटलं. चौकात थांबले तेव्हा मागे बघितलं, तर ती कोरड्या डोळ्यांनी दुकानांच्या पाट्या वाचत होती.

ती परत गेली नाही. काही दिवस आमच्याकडे राहिली, मग करंजाड्याला एक छोटा फ्लॅट भाड्याने घेतला. तिची तिकडची स्वतःची पेन्शन होती, दुकानात उभं राहून मिळवलेली. काकांनी आधी फोन केले, मग बाबांना मध्ये घातलं. बाबांनी मात्र या वेळी मान खाली घातली नाही. ते सरपंचांकडे गेले आणि पाइपला संमती देऊन आले. काकांनी त्यांच्यावर ओरडायला सुरुवात केली तेव्हा बाबा म्हणाले, "जमीन माझी आहे रे. प्रॉपर्टी राइट्स." बाबांना विनोद जमत नाही. ते गंभीरपणेच म्हणाले होते. दोघा भावांचं बोलणं त्यानंतर बंद झालं. वाडीवर पाणी गेलं. रखवालदार आणि त्याची बायको काम सोडून उलव्याला बांधकामावर गेले. लंगडत्या पायाने ती विटा कशी वाहणार, असं मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तिथं कोन पाय बगत नाय, ताई."

पुढच्या वर्षी काकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे सापडले. इथे ऑपरेशन होऊ शकत होतं. चांगलं झालं असतं. पण ते अमेरिकेला गेले, कारण पासष्टीनंतर तिथलं सरकार म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च उचलतं. मी विमानतळावर सोडायला गेले होते. दुसरं कोणी नव्हतं. मी विचारलं, "काका, हे चालतं तुम्हाला?"

"तो माझा पैसा आहे," ते म्हणाले. "आयुष्यभर भरलाय मी. मी काय भीक मागत नाहीये." त्यांना यात काही विसंगत दिसत नव्हतं. ते नाटक करत नव्हते. त्यांचा खरोखरच तसा विश्वास होता, आणि मला सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच आली.

ऑपरेशननंतर त्यांनी व्हिडिओ कॉल केला. मी काकूच्या फ्लॅटवर होते. स्वच्छ खोली, मोठी खिडकी, त्यांचा चेहरा ओढलेला. फिलिपिन्सची एक नर्स त्यांची उशी नीट करून गेली. ती दाराबाहेर पडली तसे ते म्हणाले, "बघितलंस? सगळीकडे हेच लोक भरलेत. आपल्या माणसांना नोकऱ्या कुठून राहणार?"

"आपली माणसं म्हणजे कोण, काका?"

ते गोंधळून कॅमेऱ्याकडे बघत राहिले. जवळून त्यांचं नाक मोठं दिसत होतं, गालावरची दाढी पांढरी झाली होती. मग म्हणाले, "नेटवर्क नीट नाही वाटतं तुझं." मी कॉल बंद केला.

काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं असणार.

"बोलताना दम लागत होता का त्यांना?" तिने विचारलं.

"थोडा."

"जेवतायत का, विचारलंस?"

मी नव्हतं विचारलं. ती मेथीची पानं खुडत राहिली, आणि थोड्या वेळाने तिने हात धुतले आणि माझ्याकडे फोन मागितला.